मालक नसलेल्या संघाचा मोठा डाव

२०२५ च्या २८ ऑगस्टला, हंगाम दहा दिवसांवर आलेला असताना, ग्रीन बे पॅकर्सने डॅलस काउबॉइजकडून मायका पार्सन्सला आपल्याकडे आणले. बदल्यात नऊ हंगाम बचावफळीचा मध्य सांभाळणारा केनी क्लार्क गेला, २०२६ आणि २०२७ च्या ड्राफ्टमधील, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील, पहिल्या फेरीच्या दोन्ही निवडी गेल्या. शिवाय पार्सन्सशी चार वर्षांसाठी १८ कोटी ८० लाख डॉलरचा करार झाला. वर्षाला सरासरी ४ कोटी ७० लाख. चेंडू फेकून आक्रमण चालवणारे क्वार्टरबॅक वगळता अमेरिकी फुटबॉलमधल्या कुठल्याही खेळाडूला तोवर एवढा मोबदला मिळाला नव्हता. रविवारी, ७ सप्टेंबरला, डेट्रॉइट लायन्सविरुद्ध घरच्या मैदानावर पॅकर्सचा २०२५ चा हंगाम सुरू होणार होता आणि त्यांच्या विस्कॉन्सिन राज्यात तेव्हा दुसरा विषय नव्हता.

एका माणसासाठी एवढी किंमत मोजावी का, हा प्रश्न रास्त आहे. त्यामागे आणखी एक आक्षेप आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. पॅकर्स हा लोकांचा संघ. लोकांच्या पैशाने चालणाऱ्या संस्थेने असा जुगार खेळू नये, तिने जपून पावले टाकावीत, तरुण खेळाडू घडवावेत, वाट पाहावी, असे मानणारे ग्रीन बेमध्ये आणि बाहेरही पुष्कळ आहेत. हा आक्षेप चुकीचा आहे. लोकांच्या मालकीचा संघ असल्यामुळेच पॅकर्सने हा डाव खेळायला हवा होता, आणि खरे तर तो काही वर्षे आधीच खेळायला हवा होता.

त्यासाठी ही मालकी नेमकी कशी आहे हे पाहावे लागते. ग्रीन बे हे सुमारे एक लाख सात हजार वस्तीचे शहर, मिशिगन सरोवराच्या एका उपसागराच्या टोकाला वसलेले. तिथल्या लॅम्बो फील्ड या मैदानात ८१,४४१ प्रेक्षक बसतात. १९६० पासून हंगामाची सगळी तिकिटे आधीच विकलेली असतात आणि प्रतीक्षायादीत लाखाहून अधिक नावे आहेत. बाप आपल्या मुलाचे नाव जन्मताच त्या यादीत घालतो. अमेरिकी फुटबॉलच्या लीगमधल्या उरलेल्या ३१ संघांना कुणी ना कुणी मालक आहे, एखादे धनाढ्य घराणे किंवा चारदोन अब्जाधीशांचा गट. पॅकर्सला मालक नाही. त्याचे ५ लाख ३८ हजारांहून अधिक भागधारक आहेत आणि कुणाच्याही हाती नियंत्रण जाऊ नये म्हणून एका व्यक्तीने किती शेअर घ्यावेत यावर मर्यादा आहे.

ज्याच्या घरात सहकारी साखर कारखान्याचे सभासदत्व आहे अशा मराठी वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल. मात्र फरक मोठा आहे. कारखान्याच्या सभासदाला निदान उसाचा दर मिळतो. पॅकर्सच्या भागधारकाला लाभांश मिळत नाही, तिकिटात प्राधान्य मिळत नाही, शेअर बाजारात विकता येत नाही. घरच्यांच्या नावे करता येतो, एवढेच. तरीही २०२१-२२ च्या विक्रीत ३०० डॉलरचा एक याप्रमाणे लोकांनी दोन लाखांच्या आसपास शेअर घेतले आणि सुमारे साडेसहा कोटी डॉलर जमले. भिंतीवर चौकटीत लावायला एक कागद आणि जुलैत मैदानावर भरणाऱ्या वार्षिक सभेत बसायचा हक्क, यासाठी.

हा व्यवहार भाबडेपणाचा नाही. त्याच्यामागे शंभर वर्षांचा अनुभव आहे. १९१९ मध्ये कर्ली लॅम्बो आणि वार्ताहर जॉर्ज कॅलहून यांनी संघ उभा केला तेव्हा जर्सीचे पैसे मांस डबाबंद करणाऱ्या एका कंपनीने दिले, त्यावरून नाव पडले पॅकर्स. त्या काळी लीगमध्ये अशा छोट्या गावांचे संघ अनेक होते. कॅन्टन, रॉक आयलंड, पोर्ट्समथ. सगळे बुडाले किंवा मोठ्या शहरांत गेले. ग्रीन बेच्या लोकांनी १९२३ मध्ये पाच-पाच डॉलरचे शेअर घेऊन संघ तारला. १९३१ मध्ये एक प्रेक्षक मैदानातल्या फळ्यांवरून खाली पडला, त्याने दावा लावला आणि पाच हजार डॉलरचा निकाल मिळवला. त्यातच विमा कंपनी बुडाली आणि संघ दिवाळखोरीच्या दारात गेला. १९३५ मध्ये लोकांनी पुन्हा हात खिशात घातला. १९५० मध्ये पुन्हा. संघ कधी विकला गेलाच तर येणारा पैसा कुणाच्या खिशात जाऊ नये, अशी तरतूद त्यांनी आधीच करून ठेवली होती. ती रक्कम सैनिकांचे स्मारक बांधायला जाणार होती. १९९७ पासून ती पॅकर्सच्या धर्मादाय प्रतिष्ठानाकडे जाईल असे ठरले आहे. त्यामुळे हा संघ विकण्यात कुणाचाच फायदा नाही.

बाकी अमेरिकेत काय होते ते पाहिले म्हणजे या तरतुदीची किंमत कळते. १९८४ मध्ये मार्च महिन्यातल्या एका बर्फाळ रात्री बाल्टिमोर कोल्ट्सचे सगळे सामान ट्रकमध्ये भरून इंडियानापोलिसला नेण्यात आले. गावाला सकाळी कळले. अगदी अलीकडे, २०१६ ते २०२० या काळात, सेंट लुईस, सॅन दिएगो आणि ओकलंड या तीन शहरांचे संघ मालकांनी उचलून दुसरीकडे नेले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रंगाचे कपडे घालून लोक मैदानावर गेले तो रंगच त्यांच्या गावातून निघून गेला. आणि २०२४ मध्ये लीगने खासगी गुंतवणूक निधींना प्रत्येक संघात दहा टक्क्यांपर्यंत हिस्सा घ्यायची मुभा दिली. पॅकर्ससारखी मालकी मात्र लीगच्या नियमांत कुणालाच नव्याने उभी करता येत नाही. ग्रीन बेची व्यवस्था जुनी म्हणून तिला हात लावलेला नाही. हा नियम अन्यायाचा आहे. ज्या शहराची तयारी आहे त्याला आपला संघ स्वतः विकत घेता आला पाहिजे.

आता पैशाकडे येऊ. लीगमध्ये हा एकच संघ आपला ताळेबंद दरवर्षी जाहीर करतो, कारण तो त्याला आपल्या भागधारकांना द्यावा लागतो. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात पॅकर्सचे एकूण उत्पन्न ७१ कोटी ९० लाख डॉलर होते. त्यातले ४३ कोटी २६ लाख लीगच्या सामायिक उत्पन्नातून, म्हणजे मुख्यतः टीव्हीच्या हक्कांतून आले. हा वाटा ३२ संघांना सारखा मिळतो, म्हणून पॅकर्सच्या कागदावरून अख्ख्या लीगने वाटलेले सामायिक उत्पन्न काढता येते: सुमारे १,३८४ कोटी डॉलर. ही समान वाटणी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आयुक्त पीट रोझेल यांनी घडवून आणली. न्यूयॉर्क जायंट्सच्या मारा कुटुंबाने त्या वेळी स्वतःच्या मोठ्या शहराचा फायदा सोडून ती मान्य केली. तसे झाले नसते तर आज ग्रीन बेमध्ये व्यावसायिक फुटबॉल नसता. २०२५ मध्ये एका संघाला खेळाडूंवर खर्च करता येणाऱ्या रकमेची मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. ती टीव्हीच्या पैशातच भागत होती.

मग उरलेल्या पैशाचे काय करायचे? मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षाचा चालू नफा ८ कोटी ३७ लाख डॉलर. शिवाय अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेला राखीव निधी ५० कोटी डॉलरच्या वर गेला आहे. मालक असता तर त्याने यातून आपला वाटा घेतला असता. इथे वाटा घेणारे कुणी नाही. भागधारकाने पैसे दिले ते परताव्यासाठी नव्हेत, संघ गावात राहावा आणि जिंकावा यासाठी. संघ गावात राहणार हे आता पक्के आहे. म्हणजे या पैशाचा उरलेला धर्म एकच, जिंकणे. मैदानाची डागडुजी करा, गावात दवाखाने, उद्याने उभारायला मदत करा, ते तर पॅकर्स करतोच. पण निधी फुगवत नेणे आणि त्याला जबाबदारी म्हणणे यात भागधारकांची सेवा होत नाही.

आणि गेली काही वर्षे ग्रीन बेमध्ये हेच चालले होते. पॅकर्सच्या नावावर लीगची १३ अजिंक्यपदे आहेत, कुणाहीपेक्षा जास्त. प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डी यांनी १९६१ ते १९६७ या सात वर्षांत पाच जिंकली. लीगच्या अंतिम सामन्याचा, म्हणजे सुपर बोलचा, चषक आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पण शेवटचे अजिंक्यपद फेब्रुवारी २०११ मधले. त्यानंतर अॅरन रॉजर्ससारखा क्वार्टरबॅक हाताशी असताना संघ चार वेळा सुपर बोलच्या उंबरठ्यावर, म्हणजे कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात, हरला. त्या काळात बहुतेक वेळा बाहेरून मोठा खेळाडू आणायला व्यवस्थापन कचरत राहिले. ड्राफ्ट करा आणि घडवा, हीच रीत. क्वार्टरबॅक सोडला तर करारात पुढच्या वर्षांच्या पगाराची हमी द्यायचीही त्यांची तयारी नसे. पार्सन्सला सही करतानाच १२ कोटी डॉलरची पक्की हमी दिली, यावरून बदल किती खोल आहे ते लक्षात येते.

बदलाची गरज का होती, ते २०२४ च्या हंगामाच्या आकड्यांत दिसते. ११ विजय, ६ पराभव. वाईट अजिबात नाही. पण आपल्या विभागातल्या इतर तीन संघांविरुद्धच्या सहा सामन्यांत विजय फक्त एक. लायन्स १५ सामने जिंकले, मिनेसोटा व्हायकिंग्ज १४, आणि पॅकर्स तिसरे. त्या पाच पराभवांपैकी चार दोन-तीन गुणांचे: व्हायकिंग्जकडून ३१-२९ आणि २७-२५, शिकागो बेअर्सकडून २४-२२, लायन्सकडून ३४-३१. डेट्रॉइटचा सामना तर आठवून अजूनही विस्कॉन्सिनमध्ये जीव खालीवर होतो. अखेरच्या मिनिटात, चौथ्या प्रयत्नात एक यार्ड हवा असताना लायन्सचे प्रशिक्षक डॅन कॅम्बेल यांनी किक न मारता धोका पत्करला, यार्ड मिळवला, घड्याळ संपवले आणि मग किक मारून सामना नेला. तिथे क्वार्टरबॅकवर तुटून पडणारा एक माणूस पॅकर्सकडे असता तर?

तो माणूस म्हणजे पार्सन्स. समोरच्या क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्याआधीच त्याला रेषेमागे जमिनीवर पाडणे, याला सॅक म्हणतात. त्या हंगामात पॅकर्समध्ये सर्वाधिक सॅक रशान गॅरीचे होते, साडेसात. पार्सन्सने तेरा सामन्यांत बारा मिळवले, आणि ते त्याचे सर्वांत कमी वर्ष होते. चार हंगामांत साडेबावन्न. कारकिर्दीच्या पहिल्या चारही हंगामांत बारा किंवा अधिक सॅक, असे १९८२ मध्ये अधिकृत नोंद सुरू झाल्यापासून दोघांनाच जमले आहे. दुसरे रेजी व्हाइट.

रेजी व्हाइट हे नाव ग्रीन बेमध्ये आदरानेच घेतले जाते. १९९३ मध्ये खेळाडूंना करार संपल्यावर संघ निवडायचे स्वातंत्र्य नुकतेच मिळाले होते आणि या लहान, थंड, जवळजवळ पूर्ण गोऱ्या वस्तीच्या गावात मोठा कृष्णवर्णीय खेळाडू स्वतःहून येईल अशी कुणालाच आशा नव्हती. लोम्बार्डी गेल्यानंतर १९६८ ते १९९१ या चोवीस हंगामांत संघ जेमतेम दोनदा प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, पोचला होता. तेव्हाचे महाव्यवस्थापक रॉन वुल्फ यांनी व्हाइट यांच्यापुढे चार वर्षांसाठी १ कोटी ७० लाख डॉलर ठेवले. त्या काळात ती रक्कम डोळे विस्फारणारी होती. व्हाइट आले, त्यांच्यामागून इतर आले, आणि जानेवारी १९९७ मध्ये न्यू ऑर्लिन्सला न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध सुपर बोल जिंकताना एकट्या व्हाइट यांनी तीन सॅक केले. लोकांच्या संघाने धाडस करू नये म्हणणाऱ्यांनी आपल्याच संघाचा हा इतिहास पुन्हा वाचावा.

उलट बाजूचे उदाहरणही आहे आणि ते शेजारच्याच शिकागोचे. २०१८ मध्ये हंगामाच्या तोंडावर बेअर्सने पहिल्या फेरीच्या दोन निवडी देऊन ओकलंडकडून खलील मॅकला आणले. त्याने पहिलाच सामना लॅम्बो फील्डवर खेळला आणि पहिल्या अर्ध्यातच पॅकर्सला हादरवून सोडले (दुखऱ्या गुडघ्याने परतलेल्या रॉजर्सने तो सामना शेवटी २४-२३ असा खेचून नेला). त्या वर्षी बेअर्सने बारा सामने जिंकले. पुढची दोन वर्षे ८-८. मॅक कमी पडला नव्हता, बेअर्सकडे क्वार्टरबॅक नव्हता.

पॅकर्सकडे जॉर्डन लव्ह आहे. २०२३ मध्ये त्याने ३२ टचडाउन पास फेकले, प्लेऑफमध्ये सातव्या मानांकनाच्या पॅकर्सने डॅलसला त्यांच्याच घरी ४८-३२ असे हरवले. २०२४ च्या पहिल्याच सामन्यात, ब्राझीलमध्ये, त्याचा गुडघा दुखावला आणि मग तो पूर्ण लयीत कधी आलाच नाही. जानेवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्धच्या प्लेऑफमध्ये त्याचे तीन पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले आणि २२-१० असा हंगाम संपला. २०२५ च्या हंगामासाठी त्याच्या मदतीला चेंडू घेऊन धावणारा जोश जेकब्स होता, २०२४ मध्ये १,३२९ यार्ड काढलेला. आणि मॅथ्यू गोल्डन होता. एप्रिल २०२५ मध्ये लीगचा ड्राफ्ट प्रथमच ग्रीन बेमध्ये भरला, तीन दिवसांत सहा लाखांची गर्दी लोटली, आणि त्या घरच्या गर्दीसमोर संघाने गोल्डनला निवडले. पहिल्या फेरीत पॅकर्सने रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, घेतला तो २००२ नंतर पहिल्यांदा. रॉजर्सला ग्रीन बेमधल्या साऱ्या कारकिर्दीत जे मिळाले नाही ते लव्हला मिळाले आहे.

धोके होतेच. क्लार्क गेल्याने बचावफळीच्या मधोमध पोकळी होती, आणि लायन्ससारखा संघ पहिल्याच दिवशी तिथून धावणार होता. रिसीव्हर ख्रिश्चन वॉटसन गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून अजून सावरत होता. पार्सन्स स्वतः पाठीचे दुखणे घेऊन आला होता आणि त्याने डॅलसमध्ये जवळजवळ सराव केलेलाच नव्हता. त्याला काही झाले तर दोन वर्षे पहिल्या फेरीची निवडही नसणार होती. हे सगळे महाव्यवस्थापक ब्रायन गुटेकुन्स्ट यांना ठाऊक होते. त्यांनी तरीही निर्णय घेतला आणि जुलैत मार्क मर्फी यांच्याकडून अध्यक्षपद घेतलेल्या एड पॉलिसी यांनी तो घेऊ दिला, हे या संघाच्या रचनेतले बळ आहे.

डॅलसमध्ये नेमके याच्या उलट घडले. जेरी जोन्स यांनी १९८९ मध्ये सुमारे १४ कोटी डॉलरला काउबॉइज घेतला. आज तो जगातला सर्वांत मौल्यवान क्रीडासंघ मानला जातो. महाव्यवस्थापकही तेच. पार्सन्सच्या दलालाला बाजूला ठेवून त्यांनी करार थेट खेळाडूशी ठरवू पाहिला, ते जमले नाही, महिनोन्‌महिने वाद चिघळत राहिला आणि शेवटी सव्वीस वर्षांचा, ऐन भरातला खेळाडू त्यांनी घालवला. त्यांना थांबवणारे कुणी नव्हते. ग्रीन बेमध्ये सात जणांची कार्यकारी समिती आहे, अध्यक्ष सोडून त्यातल्या कुणालाही मानधन नाही, आणि कुणाच्या अहंकाराला तिथे संघापेक्षा मोठी जागा नाही. काउबॉइजने शेवटचा सुपर बोल जानेवारी १९९६ मध्ये जिंकला.

२०२५ च्या वेळापत्रकात २८ सप्टेंबरला हे दोन संघ डॅलसमध्येच भेटणार होते आणि सगळा देश तो सामना पाहणार होता. २६ ऑक्टोबरला पिट्सबर्गमध्ये समोर स्टीलर्सच्या जर्सीत रॉजर्स असणार होता. १० नोव्हेंबरला लॅम्बोवर गतविजेते ईगल्स येणार होते. पण पार्सन्सला आणले ते या झगमगत्या रात्रींसाठी नव्हे. त्याची पारख विभागातल्या सहा सामन्यांत व्हायची होती: पहिल्या रविवारी लायन्स, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी पुन्हा डेट्रॉइटमध्ये लायन्स, डिसेंबरमध्ये दोनदा बेअर्स, आणि दोनदा व्हायकिंग्ज, त्यातली शेवटची फेरी मिनेसोटात. लायन्सनी आक्रमण आणि बचाव या दोन्ही बाजूंचे समन्वयक गमावले होते, त्यांतले बेन जॉन्सन बेअर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले होते. व्हायकिंग्जचा क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थी याने लीगमध्ये तोवर एकही सामना खेळलेला नव्हता. विभाग एवढा खुला बऱ्याच वर्षांत नव्हता. या सहापैकी चार सामने पॅकर्सने जिंकणे ही किमान अपेक्षा होती. तेवढेही झाले नाही, तर प्रशिक्षक मॅट लाफ्लूर यांना पदावर का ठेवायचे याचे उत्तर पॉलिसी यांना २०२६ च्या जुलैच्या सभेत द्यावे लागणार होते, आणि ते मागायचा पूर्ण अधिकार ३०० डॉलर देऊन काहीही न मिळवलेल्या माणसाला आहे.